जेवलीस का, असं विचारणारे सिनेमे

ये, बस इथं. ती चटई ओढून घे. खाली काकू झोपली असली तरी हळूच बोलू. अक्का लातूरहून आली आणि येताक्षणी पोरीच्या बाजूनं झाली, असं तिला वाटायला नको.

काल रात्रीचं काकूनं मला फोनवरच सांगितलं. अडीच वाजता तुझ्या पांघरुणात उजेड दिसला, तिनं पांघरूण ओढलं, तर तू मोबाईलवर कोरियाची मालिका बघत रडत होतीस. "पोरगी अभ्यास करलाली म्हणून आम्ही टीव्हीचा आवाज बंद ठिवला, आन् ही रडलाली कुणासाठी, तर कोण कुठल्या पोरासाठी!" काकूचा राग मला कळतो. दुसऱ्यांदा 'नीट'ची परीक्षा दिलीस, दुसऱ्यांदा मार्क कमी पडले, आणि घरात त्यावर कुणी मोकळेपणानं बोलत नाही. तिची चिडचिड त्यातली आहे. आणि तुझं रडणंही त्यातलंच आहे, हे तुला माहीत आहे, मलाही.

मी रागवायला आले नाही. उलट तुला एक सांगायचं आहे, जे आजवर कुणाला सांगितलं नाही. मीही बघते. गेली पाच-सहा वर्षं, शाळेचे पेपर तपासून झाले, स्वयंपाकघर आवरलं, की मी कोरियाचे सिनेमे बघते. मालिका फारशा नाही, सिनेमेच. पहिला बघितला तो टाळेबंदीत, २०२० साली. 'पॅरासाइट'. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्याला ऑस्करचा सर्वोत्तम चित्रपटाचा मान मिळाला होता. इंग्रजीत नसलेल्या सिनेमाला तो मान पहिल्यांदाच मिळत होता, म्हणून पेपरात सगळीकडे नाव होतं. मी म्हटलं, बघू तरी.

त्यात एक गरीब कुटुंब अर्ध्या तळघरात राहतं. खिडकी रस्त्याच्या पातळीला, त्यामुळं येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय तेवढे दिसतात. एका रात्री पाऊस कोसळतो आणि गटाराचं पाणी घरात शिरतं, भांडी, कपडे, फोटो सगळं तरंगायला लागतं. रात्र शाळेच्या हॉलमध्ये जमिनीवर काढायची. दुसऱ्या दिवशी त्यांची श्रीमंत मालकीण गाडीत मागे बसून मैत्रिणीला फोनवर सांगते की पाऊस किती छान झाला, हवा स्वच्छ झाली. पुढं गाडी चालवणारा माणूस रात्रभर त्याच पावसात बुडालेला. तो काही बोलत नाही. कॅमेरा त्याचा चेहरा दाखवत राहतो, बस.

मी तिथं थांबवून ठेवला सिनेमा. मला २०१६ चा उन्हाळा आठवला, मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं तो. आमच्या गल्लीत बायका घागरी घेऊन रात्री दोन-दोन वाजता टँकरची वाट बघत बसायच्या, आणि त्याच शहरात काही घरांतल्या टाक्या भरलेल्या असायच्या, कारण त्यांना टँकर विकत घेणं परवडत होतं. पाणी तेच, गाव तेच. आपल्याकडं पाणी नव्हतं म्हणून आणि त्यांच्याकडं जास्त झालं म्हणून, पण ज्याचं जळतं त्यालाच कळतं हे इतक्या लांबच्या माणसानं मला दाखवलं. आणि हे काही निव्वळ कल्पनेतलं नव्हतं बरं. दोन वर्षांनी, ऑगस्ट २०२२ मध्ये, सोलमध्ये खरोखर तसा पाऊस झाला आणि तशाच अर्ध्या तळघरात पाणी शिरून एका घरातली माणसं बुडून गेली. बातमी वाचून मी कितीतरी वेळ तशीच बसले होते.

तेव्हापासून मी शोधून शोधून बघायला लागले. पहिली अडचण तीच, जी तुला येते: सगळे सारखेच दिसतात. काकूही तेच म्हणते. तसं म्हणू नकोस आणि कुणी म्हटलं तर गप्प बसू नकोस. आपल्याला त्यांचे चेहरे वाचायची सवय नाही, एवढंच आहे. सोंग कांग-हो नावाचा नट आहे, 'पॅरासाइट'मधला तो ड्रायव्हर बाप. त्याचे लागोपाठ तीन सिनेमे बघ. तिसऱ्याला तो पाठमोरा असला तरी तू ओळखशील.

दुसरं, हिंदी डबिंगमध्ये बघू नकोस. मूळ आवाजात बघ आणि खाली इंग्रजी ओळी वाच. पहिले दोन दिवस डोळे दमतात, मग सवय होते. आणि आवाज ऐकायला लागलीस की एक गंमत कळते. त्यांच्याकडं मुलं वडिलांना काय म्हणतात? आप्पा! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं आपल्याच वाड्यातून कुणीतरी हाक मारली. थोरल्या बहिणीला धाकटी बहीण 'ऑन्नी' म्हणते, नाव घेऊन हाक मारत नाही, जशी तू मला अक्का म्हणतेस. त्यांचं वाक्यही आपल्यासारखंच चालतं, क्रियापद शेवटी. आणि कुणाशी बोलतोय त्याप्रमाणं बोलणं बदलतं, तू, तुम्ही, आपण असं. इंग्रजी ओळींत ते सगळं 'यू' होऊन जातं. पण तुझा कान मराठी आहे. सून सासूशी बोलताना आवाज कसा खाली येतो, साहेबासमोर वाक्याची शेपटी कशी लांबते, हे तुला न सांगता कळेल. अमेरिकेतल्या प्रेक्षकाला ते तितकं सहज नाही कळणार.

आणि सगळ्यात पहिला कळणारा शब्द कोणता असेल सांग? जेवण. भेटलं की विचारतात, जेवलास का. भांडण मिटवायचं तर काय बनवलंय ते सांगतात. 'मेमरीज ऑफ मर्डर' नावाचा २००३ चा सिनेमा आहे, बोंग जून-हो याचाच, 'पॅरासाइट'वाल्याचा. ह्वासोंग नावाच्या खेड्याकडच्या भागात १९८६ ते १९९१ मध्ये बायकांचे खून झाले होते, त्यावरचा. पोलिसांना वर्षानुवर्षं खुनी सापडत नाही. शेवटी संशयिताला धरलेलं आहे, पाऊस आहे, पुराव्यानं दगा दिलाय. तो पोलीस त्याच्या डोळ्यांत बघतो, काही कळत नाही, आणि त्याला विचारतो की जेवतोस-बिवतोस का नीट. त्या एका प्रश्नात किती हार आहे, किती हतबलता आहे, हे आपल्या औशाच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. आपणही बोलायला काही उरलं नाही की हेच विचारतो. खरा खुनी पुढं २०१९ मध्ये डीएनएवरून कळला. दुसऱ्या एका खुनासाठी तो आधीच तुरुंगात होता.

हे झालं सगळं सांगण्याजोगं. आता जे सांगते ते घरात कुणाजवळ बोलू नकोस, निदान सध्या तरी.

'हाउस ऑफ हमिंगबर्ड' नावाचा एक सिनेमा आहे. किम बोरा या बाईचा पहिलाच मोठा चित्रपट, २०१८ चा. त्यात चौदा वर्षांची एक मुलगी आहे, उन-ही. साल १९९४. आई-बापाचं तांदळाच्या पिठाच्या मिठायांचं दुकान. सणाच्या आधी घरातले सगळे पहाटेपासून दुकानात राबतात. थोरला भाऊ हुशार, त्याला मोठ्या विद्यापीठात पाठवायचं म्हणून घर त्याच्याभोवती फिरतं, आणि तो या मुलीला मारतो. ती जेवताना सांगते, भावानं मारलं. आई म्हणते, भांडू नका रे. संपलं. शाळेत मास्तर पोरांना एका सुरात घोषणा द्यायला लावतात की आम्ही गाण्याच्या खोल्यांत जाऊन वेळ घालवणार नाही, सोल विद्यापीठात जाऊ. तू हे बघशील तेव्हा तुला लातूरच्या ट्यूशनच्या गल्ल्या आठवतील, त्या फ्लेक्सवरचे फोटो, त्याखालचे मार्क. मलाही आठवल्या.

या मुलीला एक शिकवणीच्या बाई भेटतात. चिनी अक्षरं शिकवणाऱ्या. त्या पहिल्यांदा हिच्याशी माणसासारखं बोलतात. एकदा त्या सांगतात की काहीच करता येत नाही असं वाटलं ना, तर स्वतःच्या बोटांकडं बघ, एकेक बोट हलव. बघ, हलतंय. त्या तुला कुणी मारलं तर गप्प राहू नकोस असंही सांगतात. एवढंच. आयुष्य बदलून टाकणारं काही करत नाहीत. आणि मग २१ ऑक्टोबर १९९४ ची सकाळ येते. सोलमध्ये नदीवरचा सोंगसू पूल त्या सकाळी मधूनच तुटून खाली पडला. खरी घटना आहे ही. ३२ माणसं गेली, त्यांत शाळेला निघालेल्या मुली होत्या. उन-हीची बहीण रोज त्याच पुलावरून बसनं जायची, त्या दिवशी उशीर झाला म्हणून वाचली. मारकुटा भाऊ त्या रात्री जेवणाच्या टेबलावर हमसून हमसून रडतो. पण उन-हीच्या बाई त्या सकाळी पुलावर होत्या, हे तिला काही दिवसांनी कळतं.

मी १९९३ मध्ये आठवीत होते. उन-हीएवढीच. २९ सप्टेंबरला गणपती बुडवून आलो, पाय दुखत होते, अंगणातच झोपलो. पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. तुझा जन्म व्हायला अजून बारा वर्षं होती, तुला हे सगळं गोष्टीसारखं माहीत आहे. आपल्या वाड्याची मागची भिंत बसली, माणसं वाचली. पण किल्लारी आपल्याच तालुक्यातली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं माळवद, झोपेतच अंगावर आलं सगळं. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची गावं मिळून जवळपास दहा हजार माणसं गेली. माझ्या वर्गात किल्लारीकडची एक मुलगी होती. इथं मावशीकडं राहून शिकायची. भूमितीत माझ्यापेक्षा हुशार. गणपतीला गावी गेली होती, विसर्जन झालं की येते म्हणाली होती.

शाळा पुन्हा सुरू झाली तेव्हा तिची जागा रिकामी होती. काही दिवसांनी बाकं हलवली, मग तीही जागा राहिली नाही. आम्ही महिनाभर पत्र्याखाली झोपत होतो, मोठी माणसं अन्नधान्य, कपडे, मदतीचे ट्रक यांतच होती. मला कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला सांगितलं नाही. ज्यांचं अख्खं घर गेलं त्यांच्यापुढं मी काय सांगणार, मैत्रीण गेली म्हणून? तिची कंपासपेटी माझ्याकडं राहिली होती. अजून आहे. लातूरच्या घरी, कपाटात वरच्या खणात.

सिनेमाच्या शेवटाकडं उन-ही बहिणीबरोबर पहाटे नदीकाठी जाते आणि तो तुटलेला पूल बघते. नुसती बघते. त्या रात्री मी पहिल्यांदा माझ्या त्या मैत्रिणीसाठी रडले, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांनी. तुझे भावजी झोपलेले होते. मी ओट्याला टेकून उभी राहिले आणि रडले. तेव्हा तू कोण कुठल्या पोरासाठी रडतेस असं मी तुला कधीच म्हणणार नाही. रडणारा माणूस कुणासाठी रडतोय हे बाहेरून दिसत नाही.

पाणी पी जरा. थांब, मीच आणते.

हं. तुझ्या परीक्षेचं बोलू. 'लिटल फॉरेस्ट' बघ, २०१८ चाच आहे, यिम सून-र्ये या दिग्दर्शिकेचा. एक मुलगी सोलमध्ये शिक्षकाच्या नोकरीची परीक्षा देते आणि नापास होते. तिचा मित्र पास होतो. ती कुणाला न सांगता गावी परत येते, थंडीत, रिकाम्या घरात. आई तर तिची बारावी झाल्यावर चिठ्ठी ठेवून निघून गेलेली. पोहोचल्यावर ती पहिली गोष्ट काय करते, तर बर्फाखालून कोबी उकरून काढते आणि रस्सा करून खाते. मैत्रीण विचारते का परत आलीस, तर म्हणते, भूक लागली होती.

त्या सिनेमात फार काही होत नाही. ती वर्षभर पेरते, काढते, रांधते. प्रत्येक पदार्थाबरोबर आई आठवते. मला सारखी आपली येळवस आठवत होती. शेतात कडब्याची कोप, आंबील, भज्जी, उंडे, आणि आजी सगळ्यांना बळंच वाढतेय. गेल्या येळवशीला तू आली नव्हतीस, क्लासची टेस्ट होती म्हणून. लातूरच्या खोलीत डबा खाल्लास. मला त्या दिवशी तुला फोन करायला हवा होता, केला नाही. चुकले मी.

नापास होऊन घरी येणं म्हणजे शेवट, असं तो सिनेमा दाखवत नाही. ती पुढच्या हिवाळ्यात परत सोलला जाते आणि परत येते, या वेळी स्वतः ठरवून. तू नीट तिसऱ्यांदा द्यायची की नाही, हे मी सांगणार नाही. पण जे ठरवशील ते पोटभर जेवून, झोप काढून, दिवसाउजेडी ठरव. रात्री अडीचला काहीही ठरवायचं नाही. तुझ्या आप्पांशी मी बोलते. आणि एक लक्षात ठेव, ज्या देशातल्या मालिका बघून तुला वाटतं की तिकडं सगळं गुलाबी आहे, तिथंही नोव्हेंबरात कॉलेज प्रवेशाची एक मोठी परीक्षा असते, आणि तिच्यात इंग्रजी ऐकण्याचा पेपर चालू असताना विमानंसुद्धा उडू देत नाहीत. शाळेनंतर रात्री दहापर्यंत क्लास तिथंही आहेत. तुझ्यासारख्या मुली तिथं गल्लोगल्ली आहेत, आणि त्यांच्यातल्याच काही मोठ्या होऊन हे सिनेमे काढतायत.

लग्नाचा विषय काकूनं काढलाय म्हणे. "शिकत नसलीस तर..." असं. तर मग 'किम जी-यंग, बॉर्न १९८२' तुझ्याआधी काकूला दाखवायला हवा. चो नाम-जू या लेखिकेच्या कादंबरीवरून २०१९ मध्ये केलेला. नोकरी सोडून मूल सांभाळणारी एक साधी बाई. नवरा वाईट नाही, समजूतदार आहे, हे महत्त्वाचं. सणाला सासरी गेलीय, ओट्याशी उभी राहून राबतेय, तेवढ्यात नणंद माहेरी येते आणि सासू हिला तिच्यासाठी आणखी वाढायला सांगते. आणि एकदम ही बाई दुसऱ्याच आवाजात बोलायला लागते. स्वतःच्या आईच्या आवाजात. तुमची लेक घरी आली, मग माझ्या लेकीलाही तिच्या घरी पाठवा की, अशा अर्थाचं. सगळे गार पडतात.

परीक्षणांत लोक त्याला मानसिक आजार म्हणतात, सिनेमातही ती डॉक्टरकडं जाते, आणि जायलाच हवं. पण मी ते बघितलं आणि मला तुळजापूरच्या पायऱ्या आठवल्या. आपल्या थोरल्या आत्याच्या अंगात यायचं, तू लहान होतीस. एरवी तोंड वर न करणारी बाई. वारं आलं की सासऱ्याला अरे-तुरे करायची, कोणी किती छळलं ते नाव घेऊन सांगायची, आणि सगळं घर हात जोडून ऐकायचं. वारं उतरलं की पुन्हा पदर डोक्यावर आणि चुलीपुढं. तेव्हा आम्हा मुलींना भीती वाटायची. आता वाटतं, तिला बोलायला ती एकच वाट ठेवली होती आपण. आत्या गेल्यावर हे सुचलं, म्हणून जास्त लागतं. तू असं कुणाच्या आवाजाची वाट बघू नकोस. तुझ्याच आवाजात बोल, आणि आत्ताच बोल. मी शेजारी बसेन.

एक सिनेमा मात्र घाईनं बघू नकोस, चाळिशीपर्यंत राहू दे म्हणते मी. 'पोएट्री', ली चांग-डोंगचा, २०१० चा. हा माणूस मुळात कादंबरीकार, त्यांच्या देशाचा सांस्कृतिक मंत्रीही होता. त्यात एक आजी आहे, विसरायला लागलेली, कविता शिकायच्या वर्गाला जाणारी, आणि तिच्या नातवानं मित्रांबरोबर एका मुलीवर फार मोठा अन्याय केलाय, ती मुलगी जिवानिशी गेलीय. बाकीच्या पोरांचे बाप पैसे गोळा करून प्रकरण मिटवायला निघालेत. आजीला त्या मुलीच्या आईकडं पाठवतात, समजूत काढायला. ती शेतातून चालत जाते, वाटेत जर्दाळू पडलेले दिसतात, त्या आईला भेटते, आणि जर्दाळूंबद्दल बोलते, हवेबद्दल बोलते, परत फिरते, आणि मग तिला आठवतं आपण कशाला आलो होतो. मी शिक्षिका आहे, मुलगेही माझ्याच वर्गात असतात. प्रकरणं मिटवताना मीही बघितली आहेत. त्यामुळं मला तो सिनेमा दुसऱ्यांदा बघवला नाही अजून. त्या नटीचं, युन जोंग-हीचं, पुढं खऱ्या आयुष्यातही तसंच झालं, तिला विस्मरणानं गाठलं. २०२३ मध्ये गेली.

सगळंच चांगलं असतं असं नाही हं. मारामारीचे, रक्ताचे खूप आहेत, 'ओल्डबॉय'सारखे. भारी मानले जातात, आहेतही, पण तू आत्ता ज्या मनःस्थितीत आहेस तीत नको. किम की-डुक नावाच्या दिग्दर्शकाचा तळ्यातल्या मठाचा एक सिनेमा फार सुंदर आहे, लोक शिफारस करतील. पण त्याच्याबरोबर काम केलेल्या नटींनी त्याच्यावर गंभीर आरोप केले होते, हेही माहीत असू दे. आणि आपल्या हिंदीवाल्यांनी घेतलं ते बहुतेक हाणामारीचंच. आपला निशिकांत कामत, 'डोंबिवली फास्ट'वाला, त्यानंही २०१६ मध्ये 'रॉकी हँडसम' केला तो कोरियाच्या 'द मॅन फ्रॉम नोव्हेअर'वरूनच. मूळ सिनेमात शेजारची एकटी पोरगी आणि अबोल माणूस यांचं जे आहे, त्यासाठी तो बघावा.

काकूच्या 'कोण कुठल्या'ला माझ्याकडं उत्तर आहे, पण ते तिला सांगताना वाद घालू नकोस. कोरिया जपानच्या ताब्यातून सुटला तो १५ ऑगस्टलाच, १९४५ च्या. सुटल्या सुटल्या देशाचे दोन तुकडे. पाच वर्षांत लढाई. १९५३ मध्ये ती थांबल्यावर युद्धकैद्यांची राखण करायला भारताची फौज गेली, तिचे प्रमुख मेजर जनरल थोरात, कोल्हापूरकडचे मराठी गृहस्थ. मग हुकूमशाही, १९८० मध्ये ग्वांगजू शहरात लोकांवर गोळ्या. 'अ टॅक्सी ड्रायव्हर'मध्ये आहे ते. आपल्या आजीला रझाकार आठवतात. देश १५ ऑगस्टला सुटला आणि औसा मात्र आणखी तेरा महिने निजामाखालीच, हे ती अजून सांगते. अशा माणसांना कोरियाच्या गोष्टी परक्या वाटत नाहीत, एकदा बघायला बसली की.

कोरियावाल्यांनी आपले सिनेमे जपलेही. वर्षातले अमुक दिवस थिएटरात देशी सिनेमा लावलाच पाहिजे असा नियम होता. २००६ मध्ये तो १४६ दिवसांवरून ७३ वर आणला तेव्हा नट-दिग्दर्शक रस्त्यावर उतरले. आपल्याकडं चांगला मराठी सिनेमा आला की लातूरला सकाळी नऊचा एक खेळ मिळतो, आणि बघायला जावं तोवर निघून गेलेला असतो. 'किल्ला'ला बर्लिनच्या महोत्सवात मुलांच्या ज्युरीनं बक्षीस दिलं होतं २०१४ मध्ये. 'हमिंगबर्ड'लाही त्याच महोत्सवात, मोठ्या मुलांच्या गटात, २०१९ मध्ये मिळालं. तू 'किल्ला' बघितला आहेस का? नाही ना. त्यात एक मुलगा आणि त्याची आई आहे. तोही बघू.

तर चोरून बघू नकोस म्हणते ते यासाठी. पांघरुणात बघितलंस की ते तुझ्या एकटीचं होऊन बसतं, आणि मग सकाळी हे घर आणखी परकं वाटायला लागतं. मी पाच वर्षं एकटीनंच बघितलं, म्हणून सांगते.

गेल्या दिवाळीत मी एक करून बघितलं. आईला घेऊन बसले. माझ्या आईला वाचता येत नाही, तुला माहीतच आहे. 'द वे होम' लावला, २००२ चा, ली जोंग-ह्यांग या बाईंचा. शहरातला सात वर्षांचा हट्टी पोरगा डोंगरातल्या आजीकडं ठेवलाय. आजी कमरेत वाकलेली, आणि मुकी. ती बोलतच नाही. त्यामुळं वाचायलाही फार नाही, पोराचं तेवढं मी मराठीत सांगत होते. जिनं आजीचं काम केलंय ती खरोखर खेड्यातली म्हातारी, त्याआधी कधी अभिनय केला नव्हता.

पोरगा हॉटेलातल्यासारखी तळलेली कोंबडी मागतो. आजी गाठोडं घेऊन निघते, पावसात भिजून जिवंत कोंबडी घेऊन येते आणि उकडून त्याच्यापुढं ठेवते. पोरगा रडून-ओरडून भांडं ढकलतो, असली नको म्हणतो. मला वाटलं आई चिडेल त्याच्यावर. आईनं डोळा न हलवता बघितलं आणि म्हणाली, "राहू दे झाकून. रातच्याला उठून खाईल बघ."

पडद्यावर रात्र झाली. पोरगा उठला, अंधारात भांडं ओढलं, आणि खायला लागला.

आईला कुणी सांगितलं होतं? पुढं पोरगा आजीच्या सगळ्या सुयांमध्ये दोरा ओवून ठेवतो, तिला दिसत नाही म्हणून. तिथं आई उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

उद्या रविवार आहे. लॅपटॉप मी आणलाय, खाली पिशवीत आहे. दुपारी जेवणं झाली की आजीच्या खोलीत लावू, तिथं उजेड कमी येतो. काकूला बोलवायचं काम तुझं, भांडण काढायचं नाही, नुसतं ये म्हणायचं. नाही आली तर दार उघडं ठेवू. आणि पोराचं बोलणं या वेळी तू सांग आजीला, पुस्तकातल्या मराठीत नको, आपण बोलतो तसं. चल आता, खूप रात्र झाली. जेवलीस का तू? खरं सांग.